एका कुशीचा बर्फ

१

आयिकोरू किंचाळली तेव्हा मी नळ्या धूत होते. पहिला विचार मनात आला तो असा की, बाईने पुन्हा पाल पाहिली वाटतं.

पाल नव्हती. तीन नंबरच्या फ्रीझरसमोर ती फतकल मारून बसली होती आणि मांडीवर नळ्यांचा डबा घेऊन हमसून हमसून रडत होती. डॉ. आयिकोरू म्हणजे आमच्या संस्थेतली सगळ्यात तरुण शास्त्रज्ञ. अरुआकडची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. आमच्या मसाका गावाच्या आसपासचे गोठे पालथे घालून, गुरांच्या लाथा खाऊन, गुराख्यांच्या शिव्या खाऊन तिने आजारी जनावरांच्या रक्ताचं सीरम जमवलं होतं. एक आख्खा रॅक भरला होता.

"ताई, सगळं मेलंय," ती म्हणाली. "काल थोड्या नळ्या तपासणीला लावल्या. एकीतही विषाणूचा मागमूस नाही. ज्या गायींची तोंडं फुटलेली मी या डोळ्यांनी पाहिली, त्यांच्याही नळीत काही नाही. कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय गं हे!"

तेवढ्यात संचालकसाहेब आले, मागोमाग मुकीबी आला. मुकीबी आमचा मुख्य तंत्रज्ञ, संस्थेच्या भिंतींएवढा जुना. दोघांनी फ्रीझरच्या दारावरचा लाल आकडा वाचला. उणे सत्तर. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

आता मी कोण ते सांगते. मी पर्पेतुआ नाबोसा, नमुन्यांच्या कोठाराची प्रमुख. पूर्वी आमच्याकडे सगळं प्लास्टिकचं यायचं. एकदा वापरलं की मागच्या खड्ड्यात, आणि खड्डा पेटला की काळा धूर सरळ आमच्या वस्तीत, चुलीवरच्या उकडलेल्या केळ्यांच्या मटोक्यालासुद्धा त्याचा वास. मी भांडून भांडून काचेच्या नळ्या आणवल्या, धुवायची सोय केली, खड्डा विझवला. मग फ्रीझरांच्या मागे लागले. उणे ऐंशीवर चालणारा एक फ्रीझर एका घराएवढी वीज गिळतो. उणे सत्तरवर आणला की पुष्कळ कमी गिळतो आणि नमुन्याला काडीचाही फरक पडत नाही. डॉ. कालिबाला, म्हणजे आमचे संचालक, यांची परवानगी काढून मी सगळे फ्रीझर सत्तरवर आणले. मुकीबीने तेव्हाच सांगितलं होतं, "बाईसाहेब, वीज वाचवायला गेलात की काहीतरी कुजणार."

"नाबोसा," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता."

"साहेब, सत्तरवर सीरम वितळत नाही. सत्तर म्हणजे काय उन्हाळा आहे?"

"मग हे काय आहे?" त्यांनी डब्याकडे बोट केलं. "मंडळाला फोन केलाय. नालोंगो येतायत. तोवर फाटक बंद, कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. संध्याकाळपर्यंत दुसरं कारण निघालं नाही, तर किल्ल्या टेबलावर ठेव आणि घरी जा. आणि मुकीबी, सगळे फ्रीझर परत ऐंशीवर न्यायची तयारी ठेव."

असा डाग लागलेल्या बाईच्या हातात या देशात पुन्हा कुणी कोठाराची किल्ली देत नाही. बाहेर पहारेकऱ्याने फाटकाला साखळी घातली.

२

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. आमच्याकडे जुळी झाली की बाईला ही पदवीच मिळते, मग तिला नावाने कोण हाक मारतो! या नालोंगोबाई निवृत्त न्यायाधीश, आता संस्थेच्या मंडळावर. अंगाने भरभक्कम, चालताना पायघोळ गोमेसी झग्याचा घोळ झाडूसारखा फिरतो, आणि पिशवीत कायम उकडलेल्या शेंगा.

"मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही," खुर्चीत बसता बसता त्यांनी जाहीर केलं. "आरोपी कोण?"

साहेबांनी मला पुढे केलं.

"छान. ही माझ्या शेजारी बसेल. मला समजावून सांगायला कुणीतरी हवंच. आणि हिच्याविरुद्ध खोटं बोलायचं असेल त्याला हिच्या तोंडाकडे बघून बोलावं लागेल."

"पण नालोंगो, रीतीप्रमाणे..." साहेबांनी सुरुवात केली.

"रीत मी बत्तीस वर्षं सांभाळली, बाळा. आता शेंगा सांभाळते."

नालोंगो माझ्याबरोबर तीन नंबरशी आल्या. मी त्यांना वितळलेल्या नळ्या दाखवायला लागले तर त्यांनी हात झटकला. "ते मेलं ते मेलं. जे अजून गोठलेलं आहे, ज्याला कुणी हात लावलेला नाही, ते दाखव."

मी जाड हातमोजे त्यांना दिले, खालच्या डब्यातली एक नळी काढली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली.

"का गं, बाटलीत पाणी गोठवलं तर बर्फ तळाशी धरतो ना? हा असा एका कुशीला का धरलाय?"

मी पाहिलं. सकाळपासून रडारड आणि आरोप यांत आमच्यापैकी एकानेही गोठलेली नळी नीट पाहिली नव्हती. बर्फ तळात नव्हता. नळीच्या एका बाजूने, तळापासून झाकणापर्यंत लांबच्या लांब चिकटलेला होता. दुसरी नळी काढली. तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच, आणि सगळ्या एकाच बाजूला.

"नालोंगो, या नळ्या आडव्या असताना गोठल्यात!"

"मग? आडव्या ठेवत नाहीत का तुम्ही?"

"कधीच नाही. या फ्रीझरमध्ये रॅक उभा राहतो, नळ्या उभ्या राहतात. म्हणजे सीरम इथे वितळलंच नाही. कुणीतरी आख्खा रॅक बाहेर नेला, दुसरीकडे आडवा टाकला. तिथे वितळला, तिथेच पुन्हा गोठला. मग गुपचूप परत आणून ठेवला. उणे सत्तरचा काही संबंध नाही! मी सुटले, नालोंगो!"

"तू कशी सुटलीस?" त्यांनी शांतपणे शेंग फोडली. "फ्रीझरला कुलूप आहे, आणि किल्ली तुझ्याकडेही आहे. सकाळी तू चुकणारी होतीस. आता चोरटी झालीस, एवढाच फरक."

३

किल्ल्या चौघांकडे होत्या. मी, मुकीबी, आयिकोरू आणि संचालक.

"रॅक बाहेर नेला, म्हणजे त्याच्या जागी दुसरं काहीतरी आत आलं असणार," नालोंगो म्हणाल्या. "माणूस उगाच जागा रिकामी करत नाही. बघ काही सापडतं का."

मी रॅक ओढून काढला आणि आतल्या भिंतीवर साचलेलं हिम लाकडी पट्टीने खरवडलं. भुगा खाली पडला. त्यात काहीतरी हिरवं होतं.

"सेनेने!" मी ओरडलेच.

नोव्हेंबर चाललेला. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे सेनेनेचा, हिरव्या नाकतोड्यांचा महिना. अख्खा मसाका माळावर पत्रे उभारतो, वर प्रखर दिवे लावतो. दिव्याला भुललेले नाकतोडे पत्र्यावर आपटतात आणि घसरून खालच्या पिंपात पडतात. सकाळपासून माझीही गत त्याहून वेगळी नव्हती. तेलात कांद्याबरोबर परतलेले सेनेने पुढ्यात आले की इथला माणूस बायकोमुलांनाही विसरतो.

हा नाकतोडा चांगला बोटभर होता. लांब पाय, पंख, मिशा, सगळं जागच्या जागी. नालोंगोंनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"देखणा आहे. अगदी अख्खा आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो रुमालात बांधून ठेवला.

"कुणाला तरी पोतंभर सेनेने ठेवायचे होते, नालोंगो. पूर्वी चार नंबरचा फ्रीझर अर्धा रिकामा असायचा, लोक त्यात मासेसुद्धा ठेवायचे. मी नको ते नमुने काढून टाकले, बाकीचे दाटीवाटीने लावले आणि चार नंबर बंदच केला. म्हणून जागेसाठी रॅक काढावा लागला."

"रॅक गेला कुठे?"

"आडवा टाकायचा म्हणजे एकच जागा आहे. बाहेरच्या खोलीतला पेटीसारखा फ्रीझर, गावोगाव न्यायच्या बर्फाच्या पिशव्यांचा. तो बुटका आहे, त्यात रॅक उभा राहणारच नाही."

"मग नाकतोडेच त्या पेटीत का नाही टाकले? एवढा खटाटोप कशाला?"

"ती पेटी दिवसभर सगळे उघडतात..." बोलता बोलता मीच थांबले.

"बरोबर. बर्फाच्या पिशव्यांमध्ये आणखी एक रॅक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. नाकतोडे मात्र कुलपात गेले पाहिजेत. इथे जो तो सेनेने मिरवत खातो, आणि एकाला मात्र ते कुणाला दिसायला नको होते. आता सांग, पेटीत ठेवलेलं सीरम वितळलं कसं? लाईन गेली होती?"

लाईन गेली नव्हती. "नालोंगो, शनिवार-रविवारी कुणी गावात जात नाही. म्हणून त्या पेटीला मी घड्याळाचं बटण लावून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी आपोआप बंद होते, रविवारी दुपारी चालू होते. सोमवारी पिशव्या दगडासारख्या तयार."

"कुणी ठेवलं असेल तर ते शुक्रवारी. वितळलं शनिवारी, गोठलं रविवारी, परत आलं सोमवारी. झालं की! आणि ही बंद-चालूची भानगड पेटीवर लिहिलेली आहे?"

"नाही. कागद वाचवायचा म्हणून मी सूचना चिकटवणं बंद केलंय. सोमवारच्या बैठकीत तोंडी सांगते."

नालोंगोंनी कपाळावर हात मारला. "शाबास पोरी! मग कारण सापडलंच म्हणायचं. थंडी कमी करून नाही मारलं, फ्रीझर बंद करून मारलं. मारलं तूच."

४

मग नालोंगोंनी एकेकाला बोलावलं. मुकीबी आला तोच खमंग वास घेऊन. खिशातून पुडी काढून त्याने आधी नालोंगोंपुढे धरली. तळलेले सेनेने, सोललेल्या कोळंबीसारखे गुळगुळीत. नालोंगोंनी चार उचलले.

"घरी कोण करतं?"

"मीच. बायकोच्या हाताला ती गतीच नाही," मुकीबी फुशारला. "या खेपेला माळावर माझे स्वतःचे पत्रे आहेत, नालोंगो. माझ्याकडचे खाऊन अख्खी गल्ली तृप्त आहे."

"आणि नाबोसाबद्दल काय म्हणणं आहे?"

"तोंडावर सांगतो, मागून नाही. हिने आम्हाला भांडी घासायला लावली. शास्त्रज्ञांच्या हातात साबण! भिकारपणा नुसता. त्या पेटीला घड्याळाचं बटणसुद्धा माझ्याच हातून बसवून घेतलं. पण नमुने मारणं वेगळं. माझं भांडण हिच्याशी आहे, त्या पोरीच्या रॅकशी नाही."

"बटण तू बसवलंस?"

"मग काय बाईसाहेबांनी? यांना स्क्रू कुठल्या बाजूने फिरतो ते माहीत नाही."

मी दात-ओठ खात बसले. खरंच माहीत नाही.

आयिकोरूचे डोळे सुजले होते. नालोंगोंनी तिला जवळ बसवलं. "तुमच्याकडे अरुआला सेनेने खातात का गं?"

"आमच्याकडे वाळवी जास्त, नालोंगो. सेनेने इथे येऊन शिकले. मागच्या आठवड्यात चहाच्या खोलीत बायकांनी मला बसवून टोपलीभर निवडायला लावले. आधी मला जमेचना, सगळ्या हसत होत्या. 'अगं, भात आहे का तो, एकेक दाणा बघायला!' मग हात बसला."

"पेटीचा फ्रीझर शनिवारी बंद असतो हे माहीत आहे?"

"बैठकीत ताईंनी सांगितलंय की. म्हणून तर मी त्यात कधी काही ठेवत नाही." ती पुन्हा रडायला लागली. "ताईंनी केलं असं मला वाटत नाही. पण कुणीतरी केलंच ना?"

शेवटी साहेब आले. त्यांच्या चेहऱ्यावर दमल्याचा राग होता. मला शेजारी पाहून त्यांनी नजर वळवली.

"साहेब, सेनेनेचा हंगाम कसा आहे?" नालोंगोंनी सहज विचारलं.

"मला विचारू नका. आमच्या कुळाचं देवकच ते. आम्ही त्याला तोंड लावत नाही. आमच्या घरात तर ते उंबऱ्याच्या आतसुद्धा येत नाहीत. वडील सध्या माझ्याकडेच आहेत. त्यांना नुसता वास आला तरी काठी उचलतात."

"खरंच की, विसरले मी. आणि बायको कशी आहे?"

"माहेरी आहे, मुकोनोला. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. परवा सोमवारी धावती येऊन गेली, बस्." त्यांनी घड्याळ पाहिलं. "नालोंगो, कारण स्पष्ट आहे. तापमान वाढवलं, नमुने गेले. आता या सत्तरच्या खेळापेक्षा..."

"तापमानाचं राहू द्या. हा बाहेरचा पेटीसारखा फ्रीझर आहे ना, त्याचा काही दोष असू शकेल?"

"त्याचा काय दोष? तो चोवीस तास चालू असतो, आठवड्याचे सातही दिवस. तिथल्या वस्तूला धक्का लागणार नाही, याची हमी मी देतो."

"मी विचारलं एवढ्याचसाठी," नालोंगो शेंग सोलत म्हणाल्या, "की तो शुक्रवारी संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत बंद असतो म्हणे."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला होता. तो ओठांपर्यंत गेला नाही.

"असं कोण म्हणतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी म्हणते, साहेब," मी म्हणाले. "बैठकीत सांगितलं होतं. तुम्ही फोनवर बाहेर होतात."

ते उठले आणि निघून गेले. पेला तसाच भरलेला राहिला.

५

उन्हं कलली होती. मी पुन्हा धुण्याच्या खोलीत गेले. दुसरं करण्यासारखं काय होतं? फाटकाला साखळी, दारात पहारेकरी, आणि खिशात ज्या किल्ल्यांचा एवढा मान होता त्याच आता टोचत होत्या. उणे सत्तरने मारलं नाही हे सिद्ध झालं होतं, पण माझ्या बटणाने मारलं हेही सिद्ध झालं होतं. एका पिंपातून निघून दुसऱ्या पिंपात.

दार लोटून साहेब आत आले आणि त्यांनी दार मागे बंद केलं.

"नाबोसा, मी विचार केला. सकाळी मी जरा घाई केली."

मी साबणाचे हात तसेच धरून रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि उठले.

"लाईन गेली होती असं म्हणू. मसाकात लाईन जातेच. शनिवारी गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही. तू आणि मी दोघांनी एकच सांगितलं की नालोंगो तसंच लिहितील. तुझी नोकरी राहील. कुणाचंच काही जाणार नाही."

खोटं कशाला सांगू, मला ते हवंसं वाटलं. जिभेच्या टोकावर 'हो' आलं होतं. कोंडलेल्या माणसाला कुणी खिडकी दाखवली तर ती कुठे उघडते हे तो विचारत नाही. पण मी विचारलं.

"आणि फ्रीझर, साहेब?"

"ते ऐंशीवर न्यावेच लागतील गं. शिवाय डिझेलचं मोठं जनरेटर घ्यावं लागेल. मंडळाला काहीतरी केल्याचं दाखवायला नको?"

"आणि बटण?"

"काढून टाकू. या सगळ्या वाचवावाचवीला थोडे दिवस विश्रांती देऊ."

म्हणजे मी राहणार, आणि मी केलेलं सगळं जाणार. पुढे जो कुणी फ्रीझर सत्तरवर आणू म्हणेल, त्याला लोक आमची गोष्ट ऐकवणार: मसाकात एकदा केलं होतं, बघा काय झालं.

"लाईन गेली नव्हती, साहेब," मी म्हणाले. "आयिकोरूला मी काय तोंडाने सांगू? तिने लाथा खाल्ल्यात त्या नळ्यांसाठी. माझ्या बटणाने वितळल्या असतील तर माझ्या बटणाने वितळल्या. नोकरी जायची तर जाऊ दे."

"तुला कळत नाहीये..." ते थांबले, रुमालाने कपाळ पुसलं, मान पुसली. "तुला काही कळत नाहीये, नाबोसा."

ते गेले. खोली गार होती, आणि साहेब एवढे घामाघूम का झाले, हे मला तेव्हा खरंच कळलं नाही.

६

चहाच्या खोलीत नालोंगोंनी आम्हा चौघांना बसवलं. मधल्या टेबलावर रुमाल सोडला. अख्खा नाकतोडा पाय पसरून पडला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी विज्ञान शिकले नाही," नालोंगोंनी सुरुवात केली. "पण माणसं पुष्कळ पाहिली. नाबोसा, ज्याला नमुने मारायचेच आहेत तो काय करेल?"

"टेबलावर ठेवून देईल. एका दुपारचं काम."

"परत गोठवायला फ्रीझरमध्ये ठेवेल?"

"कशाला ठेवेल?"

"म्हणजे मारायचे नव्हते. ठेवणाऱ्याला वाटत होतं, पेटीत ते सुखरूप राहतील. पेटी बंद होते हे ज्याला माहीत आहे, तो असं करणार नाही. नाबोसाने तो नियम केला. मुकीबीने स्वतःच्या हाताने बटण बसवलं. आयिकोरू बैठकीला होती, आणि माल तर तिचाच." त्यांनी नाकतोड्याकडे बोट केलं. "आता हा. मुकीबी, तू सेनेने फ्रीझरमध्ये ठेवशील तर कसे ठेवशील?"

"कसे म्हणजे? निवडून. पाय तोडायचे, पंख तोडायचे, मग..." मुकीबीने टेबलावरच्या किड्याकडे नीट पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे देवा! पंखांसकट? गोठल्यावर हे निवडणार कसं? हाताला नुसता चुरा येईल. कुणा गाढवाने हे केलं?"

"गाढव नव्हे रे. ज्याच्या घरात हे कधी शिजलंच नाही, अशाने. मसाकातलं पोरगंसुद्धा जिवंत सेनेने हातात पडले की आधी पंख तोडतं. अरुआची मुलगीही इथे येऊन शिकली. नाबोसा तर शिकवणाऱ्यांतली. ज्याला ते उंबऱ्याच्या आत आणायचीच बंदी, त्याला कोण शिकवणार?" त्या खुर्चीत मागे रेलल्या. "खाई त्याला खवखवे म्हणतात. आज न खाणाऱ्यालाच खवखवलं. माझ्याकडे पुरावा म्हणून हा एक किडा आहे आणि एक चुकून निघालेलं वाक्य आहे. कोर्टात असते तर तेवढ्यावर मी कुणाला शिक्षा दिली नसती. म्हणून नाव मी घेत नाही. ज्याचं आहे त्याने घ्यावं. नाही घेतलं तर अहवालात एवढंच जाईल की किल्ली चौघांकडे होती आणि बटण नाबोसाचं होतं."

मुकीबीने पुडी खिशात सरकवली. आयिकोरू एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे पाहत होती. मला आता कळलं होतं, सगळं कळलं होतं. धुण्याच्या खोलीतलं ते बोलणं सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी मोकळी झाले असते. तोंड उघडलंसुद्धा. पण साहेब टेबलाची कड घट्ट धरून बसले होते आणि माझ्याच्याने बोलवेना.

साहेब उभे राहिले.

"मी ठेवला," ते म्हणाले.

आयिकोरूच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"सासूबाईंनी सेनेने मागितले. काही खात नव्हत्या, एवढंच मागितलं. शुक्रवारी बाजारातून पोतंभर घेतले, जिवंत, ताजे म्हणून. बायको सोमवारी न्यायला येणार. घरी वडील बसलेले. इथे पेटीत ठेवले असते तर तासाभरात गावभर झालं असतं, कालिबालानेच देवक बाटवलं. म्हणून कुलपाच्या फ्रीझरमध्ये ठेवले. हाताला लागला तो रॅक काढून पेटीत आडवा टाकला. सोमवारी पाहिला तर दगडासारखा गोठलेला. मला वाटलं, जसा ठेवला तसाच आहे." ते माझ्याकडे वळले. "आज सकाळी मला खरोखर वाटलं, नाबोसाच्या सत्तरनेच घात केला. हे मी शपथेवर सांगतो. दुपारी कळलं, मी केलं. दुपारनंतर जे केलं ते मात्र जाणूनबुजून केलं. लाईन गेली म्हणू, असं मी तिला सांगायला गेलो होतो. ती नाही म्हणाली."

मुकीबी आ वासून माझ्याकडे बघत होता.

"अहवालात नाकतोड्यांचा उल्लेख टाळता येईल," नालोंगो हळूच म्हणाल्या. "संचालकांनी खासगी वस्तू ठेवली, एवढं पुरे."

"नको. लिहा. नाहीतर उद्या लोक विचारतील की अशी कुठली वस्तू होती, आणि नाबोसाचंच काहीतरी होतं म्हणतील. वडिलांना मी सांगेन. मंडळ काय करायचं ते करो."

"नाबोसाचं बटण आणि सत्तर?"

"दोन्ही आहेत तसेच राहतील. फक्त पेटीवर एक कागद चिकटवा. एका कागदाने जंगल संपत नाही."

तेवढं माझं चुकलंच होतं.

आयिकोरू उठून साहेबांसमोर उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल. "मला पुन्हा सगळे गोठे फिरावे लागतील," ती म्हणाली. "तुम्ही यायचं माझ्याबरोबर. सुई मी टोचीन. गाय तुम्ही धरायची."

"येईन," साहेब म्हणाले.

"ती लाथ मारते."

"येईन म्हटलं ना."

मग ते टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले. आमच्यात मोठ्या माणसाने समोर येऊन बोलायला सुरुवात केली की बाईचे गुडघे आपोआप टेकतात. आईने शिकवलेलं, तिला तिच्या आईने. इतक्या वर्षांत साहेब समोर आले आणि मी वाकले नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशीही वाकायला लागले. त्यांनी पटकन माझ्या कोपराला धरलं.

"आज नको, नाबोसा," ते म्हणाले. "आज तू उभी राहा."

मी उभी राहिले. मग ते माफी मागायला लागले, आणि मी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.